२१ ब्रिक्सच्या बिटात साखर किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पुरवणीत गेल्या आठवड्यात साखरबिटावर आलेला लेख वाचला. उत्पादकाने शेतातच कंदाचा काप पिळावा, रसाचा थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकावा, दिसेल तो आकडा वाचावा आणि तेवढे टक्के साखर आहे असे समजावे, असा सल्ला त्यात दिलेला आहे. पुढे लेखक असेही म्हणतात की, शेतात २१ दाखवणाऱ्या बिटाला कारखान्याची पावती १७.५ टक्केच साखर देत असेल, तर मधल्या साडेतीन टक्क्यांचा हिशेब मागायला हवा. हिशेब जरूर मागावा. मात्र हे दोन आकडे मुळात एकाच गोष्टीचे नाहीत, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. बीट साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काढली आणि त्यातली बहुतेक बिटाचा कीस तोलण्यात व साखर मोजणाऱ्या पोलरीमीटरसमोर बसण्यात गेली, म्हणून हे पत्र थोडे लांबणार असले तरी लिहीत आहे.

रिफ्रॅक्टोमीटर रसातून जाणारा प्रकाश किती वळतो ते पाहतो आणि त्यावरून रसात एकूण किती पदार्थ विरघळलेले आहेत याचा अंदाज देतो. त्यावरची ब्रिक्सची मोजपट्टी शुद्ध साखरेच्या द्रावणावर बेतलेली आहे. द्रावणात निव्वळ साखर असेल, तर २१ ब्रिक्स म्हणजे वजनाने २१ टक्के साखर हे अगदी बरोबर आहे. बिटाच्या रसात मात्र साखरेबरोबर पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार, अमिनो आम्ले, बीटेन, सेंद्रिय आम्ले, प्रथिने आणि पेक्टिन असा बराच गोतावळा असतो, आणि रिफ्रॅक्टोमीटरला साखर आणि मीठ यांतला फरक कळत नाही. विरघळलेल्या एकूण पदार्थांपैकी साखर किती, हे टक्क्यांत सांगणारा आकडा म्हणजे रसाची शुद्धता. चांगल्या बिटाच्या कच्च्या रसात ती साधारण ८५ ते ९० असते. ती ८८ धरली, तर २१ ब्रिक्सच्या रसात साखर १८.४८ टक्के भरते. हीदेखील रसातली साखर झाली, बिटातली नव्हे, कारण कंदाच्या वजनात सुमारे पाच टक्के भाग न विरघळणाऱ्या चोथ्याचा असतो. १०० किलो बिटात ९५ किलो रस धरला, तर १८.४८ चे १७.५६ होतात. लेखकांना जे साडेतीन टक्के हरवलेले वाटले, ते कोणी खाल्लेले नसून हिशेबात कधी नव्हतेच.

थेंब कुठून घेतला, हाही प्रश्न आहे. बिटाचा कंद आडवा चिरून पाहिला तर त्यात एकाबाहेर एक अशी वलये दिसतात, आणि साखर या कंदात सगळीकडे सारखी नसते. ती मधल्या फुगीर भागात सर्वाधिक असते, पानांकडच्या डोक्यात आणि खालच्या शेपटीत कमी. डोक्यात साखर कमी आणि नको असलेले क्षार व नत्र जास्त, असा दुहेरी तोटा असतो, म्हणून तर डोके छाटण्यावर कारखाने इतका भर देतात. एकाच कंदाच्या कमरेतून आणि डोक्यातून काप घेतले, तर एकाच दुपारी एकाच माणसाच्या हातून दोन निरनिराळे आकडे येतील. शेजारी शेजारी वाढलेल्या दोन कंदांतही दोन-तीन टक्क्यांचा फरक सहज आढळतो. मोठ्या पोसलेल्या कंदात साखरेची टक्केवारी बहुधा कमी असते, आणि शेतात नमुना घेणाऱ्याचा हात नेमका मोठ्या कंदाकडे जातो.

उपटून दोन दिवस बांधावर पडलेल्या बिटाचा ब्रिक्स वाढतो, याचाही पुष्कळांना आनंद होतो. वाढलेले काहीच नसते. कंद सुकतो, त्यातले पाणी उडते आणि उरलेल्या रसात साखरेचे प्रमाण चढलेले दिसते. वस्तुतः कंद उपटल्यावरही श्वसन करत असतो आणि त्यासाठी स्वतःचीच साखर वापरत असतो, म्हणजे किलोत मोजली तर साखर घटलेलीच असते. अशा बिटाच्या पावतीवर टक्केवारी चांगली येते आणि वजन मात्र कमी भरते. दोन्हींचा गुणाकार केल्याशिवाय नफा की तोटा ते कळत नाही.

आता प्रयोगशाळेत काय होते ते सांगतो, कारण लेखात त्याविषयी 'यंत्रात घालतात आणि आकडा निघतो' एवढेच वाक्य आहे. बिटात साखर असते हे बर्लिनमध्ये मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखवले, तेव्हा त्यांनी बिटातून अल्कोहोलने साखर काढून तिचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. ती किती आहे हे झटपट मोजण्याची सोय मात्र फार पुढे झाली. काही सेंद्रिय द्रव त्यांच्यातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचे (म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे) प्रतल फिरवतात, हे फ्रान्समध्ये बिओ यांनी १८१५ मध्ये पाहिले, आणि साखरेचे द्रावण ते उजवीकडे फिरवते. किती फिरवते, हे द्रावणात साखर किती आणि नळी किती लांब यांवर ठरते. यावरच पोलरीमीटर चालतो, आणि 'पोल', म्हणजे पोलरीमीटरने मोजलेली साखरेची टक्केवारी, हा साखर कारखान्यात दिवसातून शंभरदा उच्चारला जाणारा शब्द त्यावरूनच आला. शुद्ध साखर २६ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर द्रावण केले आणि २० अंश सेल्सिअसला २०० मिलिमीटर लांबीच्या नळीतून पाहिले, तर मोजपट्टीवर जेथे आकडा येतो तो १०० अंश. साखर विश्लेषणाच्या पद्धती जगभर एकसारख्या असाव्यात म्हणून १८९७ मध्ये स्थापन झालेल्या इक्युम्सा या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या पद्धतींत हेच २६ ग्रॅम आजही 'नॉर्मल वजन' म्हणून पायाशी आहेत.

बिटाच्या बाबतीत या २६ ग्रॅमची एक सुंदर युक्ती आहे. नमुन्यातले सगळे कंद दातेरी चकत्यांच्या करवतीवरून जातात, करवत प्रत्येक कंदात आरपार काप घेते आणि त्या कापाचा जो बारीक कीस पडतो तो गोळा करतात. एकजीव केलेल्या या किसातून २६ ग्रॅम तोलून घेतात, त्यात रसाचा गढूळपणा काढणारे १७७ मिलिलिटर स्वच्छक द्रावण घालतात, दोन-तीन मिनिटे वेगाने घुसळतात आणि गाळतात. हा १७७ कोठून आला, असे नवा माणूस हमखास विचारतो. २६ ग्रॅम किसातला चोथा वजा केला की सुमारे २४.७ ग्रॅम रस उरतो, आणि रस पाण्यापेक्षा जड असल्यामुळे त्याचे आकारमान साधारण २३ मिलिलिटर भरते. १७७ आणि २३ मिळून २०० होतात. म्हणजे नॉर्मल वजन १०० ऐवजी २०० मिलिलिटरमध्ये पसरले, द्रावण निम्मे विरळ झाले, आणि ते २०० ऐवजी ४०० मिलिमीटरच्या नळीतून पाहिले की निम्म्याचे दुप्पट होऊन बिटातील साखरेची टक्केवारी सरळ मोजपट्टीवर वाचता येते. गुणाकार नाही, भागाकार नाही. एखाद्या वाणात चोथा पाचऐवजी साडेसहा टक्के निघाला, तरी एकूण आकारमानात अर्ध्या मिलिलिटरचाही फरक पडत नाही आणि १७.५ च्या आकड्यात चूक येते ती ०.०३-०.०४ ची. ज्यांनी हे बसवले त्यांच्या हिशेबीपणाचे मला अजूनही कौतुक वाटते.

या पद्धतीचे मर्म मात्र तोलण्यात आणि मापण्यात आहे, भारी यंत्रात नाही, आणि त्याचा धडा मला जरा महागात मिळाला. एका हंगामात आमच्याकडे आठवडाभर सगळ्याच नमुन्यांचा पोल किंचित वर चाललेला दिसत होता. पोलरीमीटर रोज सकाळी क्वार्ट्झच्या प्रमाणित चकतीवर तपासला जात होता आणि तो अचूक होता. शुद्ध साखरेचे द्रावण करून पाहिले, तेही १०० दाखवत होते. हवामान चांगले आहे, बीट पिकले आहे, अशी सर्वांनी समजूत करून घेतली. शेवटी एका संध्याकाळी १७७ मिलिलिटर सोडणाऱ्या स्वयंचलित पिपेटात निव्वळ पाणी भरून ते तराजूवर सोडले, तेव्हा ते तीन मिलिलिटर कमी निघाले. आतल्या झडपेवर स्वच्छक द्रावणातल्या शिशाच्या क्षाराचे पांढरे कवच जमून ती पूर्ण उघडत नव्हती. क्वार्ट्झच्या चकतीचा किंवा शुद्ध साखरेच्या चाचणीचा त्या पिपेटाशी संबंधच येत नसल्यामुळे आमच्या साऱ्या तपासण्या खुशाल उत्तीर्ण होत होत्या. तीन मिलिलिटर कमी म्हणजे २०० ऐवजी १९७, १७.५ चे बीट त्या आठवड्यात १७.७७ म्हणून नोंदले गेले. टनामागे जवळजवळ पावणेतीन किलो नसलेल्या साखरेचे पैसे दिले गेले.

झडप साफ केल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांचा पोल पाव टक्क्याने घसरला आणि दुपारपर्यंत उत्पादक प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. त्यांना काय झाले ते सांगावे, असे मी वरिष्ठांना सुचवले होते. सांगितले गेले नाही. 'बिटात चढउतार होतोच' एवढे उत्तर देऊन त्यांना परत पाठवण्यात आले, आणि मीही तेव्हा गप्प राहिलो. चूक त्यांच्या फायद्याची होती, तरी त्या दिवसापासून आमच्या आकड्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

स्वच्छक द्रावणाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. गढूळ, काळपट रसातून प्रकाश नीट जात नाही, म्हणून पूर्वी सर्रास शिशाचे ॲसिटेट वापरत. ते काम उत्तम करते, पण विषारी आहे, आणि दिवसाला शेकडो नमुने करणाऱ्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणारे शिसेयुक्त सांडपाणी ही थट्टेची गोष्ट नव्हे. आता बिटासाठी ॲल्युमिनियम सल्फेटची पद्धत रूढ आहे. त्याचा जादा लाभ असा की त्याच गाळलेल्या द्रवात पोटॅशियम, सोडियम आणि अमिनो नत्रही (अमिनो संयुगांतले नत्र) मोजता येतात. ८८० नॅनोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशावर चालणारे पोलरीमीटर तर काळपट द्रावणातूनही वाचन देतात. ज्या ठिकाणी अजून शिसे वापरले जात असेल, तिथल्या कामगारांनी तरी आवाज उठवायला हवा.

पोल हीसुद्धा तंतोतंत साखर नव्हे, हे मी लपवणार नाही. प्रकाशाचे प्रतल फिरवणारा प्रत्येक पदार्थ त्यात आपली भर घालतो किंवा त्यातून काही काढून घेतो. बिटात रॅफिनोज नावाची एक शर्करा थोड्या प्रमाणात असते, थंडीत साठवलेल्या बिटात ती वाढते, आणि ती साखरेच्या पावणेदोन पटीहून अधिक जोराने प्रतल उजवीकडे फिरवते. ०.१ टक्का रॅफिनोज पोलमध्ये सुमारे ०.१८ ची भर टाकते. हिमाने गोठून पुन्हा वितळलेल्या, कुजू लागलेल्या बिटात जिवाणू डेक्स्ट्रान तयार करतात, त्याचा जोर साखरेच्या सुमारे तिप्पट असतो. उलट साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले की त्यांचे मिश्रण प्रतल डावीकडे नेते आणि पोल खाली ओढते. ताज्या, निरोगी बिटात या साऱ्यांचे प्रमाण इतके कमी असते की पोललाच साखर म्हणण्यात व्यवहारात काही बिघडत नाही. खराब बिटाच्या बाबतीत मात्र चढा पोल पाहून कोणी हुरळून जाऊ नये. अशा बिटाचा रस गाळणीतूनही नीट उतरत नाही, आणि अशा मालाच्या पोलवर उत्पादकाशी वाद घालण्यापेक्षा साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि रॅफिनोज वेगवेगळे मोजणारी क्रोमॅटोग्राफीची चाचणी करणे दोघांनाही परवडते.

लेखात रसाच्या शुद्धतेविषयी एक ओळही नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. उसाच्या कारखान्याशी संबंध असलेल्या कोणालाही पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर हे सूत्र पाठ असते, आणि बिटालाही ते लागू करता येते. पण दोन अडचणी आहेत. एक अशी की, हा आकडा दोन मोजमापांवर उभा असल्यामुळे दोन्हींच्या चुका त्यात उतरतात. १८.४८ पोल आणि २१ ब्रिक्स यांची शुद्धता ८८ येते. रिफ्रॅक्टोमीटरने २१ ऐवजी २०.८ दाखवले, जे हातातल्या साध्या यंत्रात सहज घडते, तर तीच शुद्धता ८८.८ होते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. थंड काप दाबून काढलेला रस आणि कारखान्यात सत्तर अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात बिटाच्या चकत्यांतून निघणारा रस हे एक नव्हेत. दाब किती दिला यावरही पिळलेल्या रसातले घटक बदलतात. पुढे कारखान्यात रसावर चुन्याची आणि कर्बवायूची प्रक्रिया होते, तीत प्रथिने, पेक्टिन आणि काही सेंद्रिय आम्ले निघून जातात. म्हणजे कच्च्या रसाची शुद्धता खाली ओढणाऱ्या घटकांपैकी काही निरुपद्रवी असतात, कारण ते पुढे गाळले जाणारच असतात. जे चुन्याला दाद देत नाहीत ते खरे उपद्रवी: पोटॅशियम, सोडियम, ग्लुटामीनसारखी अमिनो संयुगे आणि बीटेन.

हे घटक साखरेला धरून ठेवतात आणि तिचे स्फटिक होऊ देत नाहीत. बिटाच्या मळीची, म्हणजे साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणाऱ्या पाकाची, शुद्धता साधारण ६० असते; याचा अर्थ मळीत ४० भाग अशर्करेबरोबर, म्हणजे साखर नसलेल्या विरघळलेल्या पदार्थांबरोबर, ६० भाग साखर अडकून पडते. अशी काढता न येणारी एक किलो अशर्करा दीड किलो साखर आपल्याबरोबर मळीत नेते. उसाच्या मळीत हे प्रमाण बरेच कमी असते, तिची शुद्धता तीस-पस्तीसपर्यंत खाली आणता येते, म्हणून उसाच्या अनुभवावरून बिटाच्या शुद्धतेचा अंदाज बांधणारे लोक हमखास फसतात. उसात शुद्धता एका अंकाने घसरली तर जेवढे नुकसान होते, त्यापेक्षा बिटात ते कितीतरी अधिक असते. अमिनो नत्राची आणखी एक खोड अशी की, ग्लुटामीन गरम रसात फुटून आम्ल तयार करते, रसाची अल्कधर्मीयता घटते, ती राखण्यासाठी सोडा घालावा लागतो, आणि त्या सोड्यातले सोडियम पुन्हा मळीच्याच खात्यात जमा होते.

म्हणून आज पोलबरोबर पोटॅशियम आणि सोडियम फ्लेम फोटोमीटरवर, आणि अमिनो नत्र तांब्याच्या क्षाराने येणाऱ्या निळ्या रंगावरून किंवा प्रतिदीप्तीवरून मोजतात, आणि त्यांवरून मळीत किती साखर जाईल ते सूत्राने काढतात. जर्मनीत ठरलेले ब्राउनश्वाइग सूत्र असे आहे: पोटॅशियम आणि सोडियम यांच्या बेरजेला ०.१२ ने गुणावे, अमिनो नत्राला ०.२४ ने गुणावे, दोन्हींच्या बेरजेत ०.४८ मिळवावेत. तिन्ही घटक १०० ग्रॅम बिटामागे मिलिमोलमध्ये घ्यायचे. येणारा आकडा आणि प्रक्रियेतल्या इतर घटीचे ०.६ पोलमधून वजा केले की प्रत्यक्ष पोत्यात उतरू शकणारी साखर मिळते.

एकाच १७.५ पोलची दोन बिटे घेऊ. पहिल्यात पोटॅशियम ४, सोडियम ०.५ आणि अमिनो नत्र १.५ आहे. त्याची मळीतली घट १.३८ येते आणि उतरणारी साखर १५.५२ टक्के. दुसऱ्यात पोटॅशियम ६, सोडियम १.५ आणि अमिनो नत्र ३.५ आहे. त्याची घट २.२२ आणि उतरणारी साखर १४.६८. पोलरीमीटरवर दोन्ही बिटे तंतोतंत सारखी, आणि टनामागे ८.४ किलो साखरेचा फरक. रिफ्रॅक्टोमीटरवर तर दुसरे बीट पहिल्यापेक्षा सरस ठरण्याचा संभव आहे, कारण त्यातले जादा क्षारही ब्रिक्समध्ये भरच घालतात! लेखातला सल्ला मानून ब्रिक्सवर वाण किंवा खताची मात्रा निवडणारा शेतकरी नेमका चुकीच्या दिशेला जाईल. नत्र जास्त दिले, किंवा उशिरा दिले, की पाने माजतात, कंद फुगतो, साखरेची टक्केवारी घटते आणि अमिनो नत्र चढते. हे पोटॅशियम-सोडियम-नत्राचे आकडे हातात असते, तर पुढच्या हंगामात खताची गोणी कमी करण्याचा निर्णय तो स्वतःच घेऊ शकला असता.

या सूत्रात उणीव नाही असे नव्हे. बीटेन निळ्या रंगाच्या चाचणीत दिसतच नाही, आणि ०.४८ हा स्थिरांक सरासरीतून आलेला असल्यामुळे दुष्काळी वर्षात ताण सोसलेल्या बिटाला तो लागू पडेलच असे नाही. तरीही केवळ पोलवर किंमत करण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ न्याय्य आहे.

आणि एवढे सगळे अचूक केले तरी नमुनाच चुकीचा असेल तर ते व्यर्थ आहे. ट्रकातल्या कित्येक टन बिटातून नमुना निघतो तो काही किलोंचा, त्यातून करवतीखाली पडतो तो मूठभर कीस, आणि तराजूवर जातात २६ ग्रॅम. ट्रकाच्या वरच्या थरातून हाताला येतील तेवढे कंद उचलले, तर खालची माती आणि तुटके तुकडे नमुन्यात येत नाहीत. वरून खालपर्यंत शिरणाऱ्या यांत्रिक नळीने, आणि दर वेळी वेगळ्या जागी, नमुना घेतला पाहिजे. मातीचा आणि न छाटलेल्या डोक्यांचा कडता, म्हणजे वजनातून होणारी वजावट, याच नमुन्यावर ठरतो आणि तो पूर्ण ट्रकाला लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे साखरेच्या टक्केवारीवर होणाऱ्या भांडणाइतकेच भांडण कडत्यावर का होत नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. करवतीचे दाते बोथट झाले की कीस जाड पडतो, घुसळूनही त्यातली साखर पूर्ण सुटत नाही आणि पोल खाली येतो. हे नुकसान थेट उत्पादकाचे, आणि ते पोलरीमीटरच्या कोणत्याही प्रमाणपत्रात दिसत नाही. तयार कीस तसाच टेबलावर राहिला तर त्यातले पाणी उडते आणि साखर फुटू लागते, म्हणून लगेच तपासणी होणार नसेल तर तो उणे वीस अंशांच्या आसपास तत्काळ गोठवायला हवा.

लेखकांची मूळ तक्रार, म्हणजे पावतीवरचा आकडा कोठून आला हे उत्पादकाला कळत नाही, ही मला मान्य आहे. त्यावर उपाय म्हणून पावतीवर साखरेचा एकच आकडा छापण्याऐवजी नमुन्याचे वजन, मातीचा आणि डोक्यांचा कडता वेगवेगळा, पोल, पोटॅशियम, सोडियम, अमिनो नत्र आणि वापरलेले सूत्र हे सगळे छापावे. यंत्रांत हे आकडे असतातच, छापायला जादा काही लागत नाही. प्रत्येक नमुन्याच्या किसाचा दुसरा भाग सीलबंद करून पंधरा दिवस गोठवून ठेवावा आणि उत्पादकाने मागणी केल्यास तो दोघांना मान्य अशा तिसऱ्या प्रयोगशाळेत तपासावा. कडता काढण्याच्या जागी आणि किसाच्या करवतीपाशी उत्पादकांचा एक प्रशिक्षित प्रतिनिधी उभा असावा. क्वार्ट्झच्या चकतीच्या नोंदीबरोबर पिपेटाच्या पाण्याच्या वजनाची आणि करवतीच्या दात्यांची नोंदही रोज भिंतीवर लावावी, आणि त्यात चूक आढळली तर ती कोणाच्या फायद्याची होती हे न पाहता जाहीर करावी. युरोपीय संघाच्या नियमांत प्रमाण दर्जाचे बीट म्हणजे स्वीकाराच्या वेळी १६ टक्के साखरेचे, असे धरून किमतीची चढ-उतार बसवलेली आहे. दशांशावर पैसे फिरत असतील, तर दशांश कसा काढला हे सांगण्याची जबाबदारी काढणाऱ्यावरच येते.

लेख वाचून ज्यांनी रिफ्रॅक्टोमीटर विकत घेतला असेल, त्यांनी तो टाकून देऊ नये. काढणीच्या आधी पंधरा-पंधरा दिवसांनी, सकाळी एकाच वेळी, शेताच्या ठरावीक भागांतून मध्यम आकाराचे वीस कंद घ्यावेत, प्रत्येकाच्या कमरेतून काप काढावा, सगळ्यांचा रस एकत्र करून ब्रिक्स पाहावा आणि वहीत टिपून ठेवावा. आकडा चढतो आहे, थांबला आहे की पावसानंतर उतरला आहे, एवढे त्यावरून चांगले समजते. यंत्रावर थेंब टाकण्यापूर्वी काच पुसून शुद्ध पाण्याने शून्य जुळवायला मात्र विसरू नये. माझ्या पाहण्यात शेतावर आलेल्या निम्म्या तक्रारी आदल्या थेंबाच्या वाळलेल्या चिकट थराच्या निघाल्या आहेत.

आपला,
बीट साखर कारखान्याचा एक निवृत्त रसायनतज्ज्ञ